सरहद्दीची तार, आमचा धुरा

—कुलूप हाये, जमादारसाहेब, कायले कडी वाजवता? बबिता आर्णीले गेली, विक्कीच्या फोटोले काच बसवाले. ट्रेनिंगमधून वर्दीतला फोटो धाडला ना पोट्ट्यानं, मंग तो काय तसाच भिंतीले चिकटवाचा? सोनेरी पट्टीची चौकट पाहिजे म्हणे. या, इथं ओट्यावर बसा. मी तिची मोठी जाऊ, हंसाबाई. विक्की माह्या दिराचा पोट्टा, पण मले काकी नाही म्हणत, मोठी याडी म्हणते—आमच्या तांड्यात आईले याडी म्हणतात, तुमी नवे दिसता म्हणून सांगतलं. चहा ठेवू? नाही, मी नाही घेणार, माह्यं आज सोमवार हाये. सोळातला अकरावा. कोणासाठी काय विचारता, लेकासाठीच ना, ओमसाठी—आईच्या उपासाले दुसरं काय कारण असते? हं, कागद आणला? विक्कीची चौकशी? आमच्या तांड्याचा नायक तर लग्नाले गेला पुसदकडे. मास्तरची सही घेतली, अन् दुसरी? माह्यी? बाप्पा! सरहद्दीवरच्या फौजेच्या कागदावर माह्यी सही! येते ना, चौथी शिकली मी.

पोट्टा कसा हाये म्हणता—चांगला हाये. मी कायले वाईट म्हणू? माह्या हातानं न्हाऊ घातलं मी त्याले, बबिता बाळंतपणात आजारी होती तर सहा महिने माह्याजवळच झोपला, एका कुशीत ओम, एका कुशीत तो. पहिल्या पगाराची साडी धाडली त्यानं—दोन धाडल्या, एक तिले अन् एक मले, सारख्याच, मोरपंखी. ती तर नेसून बजारात गेलती. मी ठेवली पेटीत. नाही, तसं काही नाही, मोरपंखी रंग मले नाही दिसत चांगला. चिठ्ठीबी लिहिते तो, मास्तर वाचून दाखवते. अन् चिठ्ठीत काय असते सांगू? तार! त्यायच्या उस्तादानं सांगतलं म्हणे, सरहद्दीवर सरकारनं तारेचं कुंपण घातलं, एक पदरी नाही, दोन पदरी, मधात काटेरी वेटोळे, लोखंडी खांब सिमिटात गाडलेले, अन् एकेका खांबावर दिवे, अंधार पडला का लागले, उजाडेपर्यंत बंद नाही. तारेच्या बाजूनं डांबरी सडक, सडकेवर जीपा, अंधारात दिसन अशी दुर्बीण, उंट, उंटाले पाणी प्याले टाकी. परवा रेडिओवर सांगतलं, अजून इतके कोटी मंजूर झाले सरहद्दीसाठी—किती ते नाही ध्यानात राह्यलं, आमच्यासाठी कोटी म्हणजे सगळे सारखेच. बबितानं आवाज मोठा केला, तांडाभर ऐकू जावा म्हणून. जसं काही तिच्याच दारात येऊन पडणार होते.

हासू नका, खरं सांगते—मले बबितापेक्षा त्या सरहद्दीचाच जास्त राग येते. जळते मी त्या रेतीवर. तिथं पिकते काय? निरी रेती, विक्कीच लिहिते का झाडाचं पान नाही. अन् त्या रेतीले दोन पदरी तार, अन् माह्या पऱ्हाटीले? बोरीच्या काट्या! अन् साड्या—पाह्यल्या नाही तुमी येता येता, धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधावर, जुन्या साड्या बांधल्या त्या? त्यात माह्या लग्नातलीबी हाये. डुकराले वाटते म्हणे माणूस उभा हाये. आता डुकरंबी हुशार झाले, साडीखालून घुसतात. बोंड फुटाले आलं का डुकरं, तूर शेंगेवर आली का रोही—तुमी नीलगाय म्हणा—अन् सरकारचा दिवा आमच्याकडे कसा, चौदा-चौदा घंटे बंद. तिकडे उंटाले उजेड, इकडे मी चिमणीसमोर पोथी वाचते. दिल्लीचे साहेब गाड्यातून येतात ना कापसाच्या दिवसात, उतरतात, पऱ्हाटीत उभे राहून फोटो काढतात, चालले जातात. एकानंबी इचारलं नाही का बाई, तुह्या धुऱ्यावर काय लावू. आमी काय सरहद्दीवर नाही राहत? जंगल आमच्या धुऱ्यालेच लागून हाये.

हाव, हाव, कागदाचं. भरतीले दोघं संगच गेलते नागपुरले, ओम अन् विक्की, एकाच डब्यातली पोळी खाऊन. धावण्यात माहा ओम वीस पावलं मांगं राह्यला. वीस पावलं, साहेब! पहाटे उठून आर्णीच्या सडकेवर दोघं संगच धावत, तवा ओम पुढं राहे. सगळ्या तांड्यानं पाह्यलं. मंग त्याच दिवशी काहून मांगं राह्यला? म्हणते, याडी, पाय जड झाले. कायनं जड झाले, नाही सांगत. मी देव्हाऱ्यातल्या जगदंबा देवीले म्हटलं, तुले दोघात एकच पाह्यजे होता तर मले विचाराचं होतं. ती कायले विचारते. आज सकाळी पूजेत—जाऊ द्या. सांगू? नाही, तुमाले काय सांगाचं... म्हटलं मी देवीले, का विक्कीचा कागद अडू दे. थोडासाच. त्याले काही होऊ नये, फक्त कागद अडावा, वापस यावा तो, अन् मंग दोघं पुन्हा संग जातीन. अन् दिवा शांत होत नाही तं तुमी आले कागद घेऊन. मले वाटलं, तिनंच धाडलं तुमाले.

तक्रार? ठाण्यात नाही. ठाण्यात नाही म्हटलं मी, नीट ऐका. तांड्यातली गोष्ट तांड्यातच मिटते आमच्यात, नायक नसाब बसवते—तुमी पंचायत म्हणा—अन् झाला फैसला. तांड्यातल्या धनसिंगले विचारा ना, बैल कसा मेला त्याचा मांगच्या साली. मी काही म्हणत नाही. मी फक्त म्हटलं का विचारा. पांढरा बैल, पोळ्याले पहिला मान राहे त्याचा. आमच्या अन् दिराच्या वावराच्या मधात धुरा हाये, त्या धुऱ्यावर तार होती, तारेत करंट होता, बैल चराले आला अन् चिकटला. तार दिराच्याच घरची होती, माह्या दिरानं, बाबुलालनंच आणलती. अन् नसाबीत विक्कीनं सगळ्यासमोर सांगतलं, मीच लाईनीवर आकडा टाकला म्हणून. बाबुलालनं आपला बैल सोडून धनसिंगच्या दावणीले बांधला, मिटलं. आता मी—काय लिहून राह्यले तुमी? थांबा ना. ते कागदावर चढते का? "करंटनं जनावर मारलं" असं? त्यानं काय होईन? काढून टाकतीन? ट्रेनिंगमधून? पुन्हा भरतीलेच नाही बसू देणार? कधीच?

थांबा. पेन ठेवा खाली. ठेवा म्हणते ना. मी कागद अडू दे म्हटलं होतं, पोट्ट्याचा जन्म मातीत घाल नव्हतं म्हटलं. ऐका, उपासाच्या तोंडानं सांगून राह्यली. आकडा ओमनं टाकला होता. माह्या ओमनं. आठ दिवस डुकरानं पऱ्हाटी लोळवली तवा तो म्हणे, याडी, संध्याकाळी टाकतो, पहाटे काढतो. टाके अन् काढे. त्या दिवशी पहाटे लाईन गेली अन् तो काढाले निघाला तर मीच म्हटलं—मीच, साहेब—राहू दे ना तसाच, आता लाईन थेट संध्याकाळीच येते, तू धावाले जा. अन् तो होता सोमवार! सोमवारी लाईनीची पाळी बदलते, एक हप्ता रातची, एक हप्ता दिवसाची, पोराठोराले ठाऊक हाये. मी तवाबी सोमवार मोजणारी बाई, पोथी काढून बसली, वातीले तूप लावत होती, अन् हेच ध्यानात नाही राह्यलं. नऊ वाजता लाईन आली. धनसिंगची बोंब मले पूजेतच ऐकू आली.

अन् नसाबीत मी काय केलं—जगदंबेच्या दिव्यावर हात धरला अन् म्हटलं, माहा ओम त्या धुऱ्यावर गेलाच नाही. भरती आठ दिवसावर होती ना! पोलिसात गेलं असतं तर ओमचं नाव कटलं असतं. विक्कीचीबी भरती तीच होती, त्याच दिवशी, त्याच मैदानावर, ते मले नाही सुचलं—सुचलं होतं. सुचलं होतं, खोटं कायले बोलू. तो समोरच बसलता. माह्या हाताकडे पाह्यलं त्यानं, मंग माह्या तोंडाकडे, अन् उठून उभा झाला, म्हणे मोठी याडी खरं सांगून राह्यली, आकडा माहा होता. ओम खाली मान घालून बसला. ओमचे पाय तवापासूनच जड असतीन. अन् बबिता वर्षभर ज्या दावणीपाशी उभी राहून रिकामा खुटा पाहे, ती माह्याच दारातून दिसते. तरी मले एक शब्द नाही बोलली—तिले माहीत नाही म्हणून नाही बोलली, का माहीत हाये म्हणून, ते मले आजवर समजलं नाही. म्हणून तर तिच्या मोरपंखी साडीकडे पाहवत नाही माह्यानं.

आता लिवा. लिवा, का पोट्टा असा हाये का दुसऱ्यानं करंट सोडलेल्या तारेले आपलं नाव देते, मंग देशाच्या तारेपाशी उभा करा त्याले, आणखी कोणाले धुंडता? अन् खाली लिवा का आकडा ओम रामसिंगचा होता, अन् त्याच्या आईनं—जागा नाही? तर मांगच्या बाजूनं लिवा. काय म्हणता? या कागदात ओमचं विचारलंच नाही? फक्त विक्कीचं? मंग ते वरचं खोडा पहिले, बैलाचं. असं एक रेघ मारून नाही, चांगलं गिचमिड करून, कोणाले वाचता नाही आलं पाहिजे. नवा कागद हाये? मंग नवाच घ्या ना, मास्तर देईन पुन्हा सही! हाव. "वर्तणूक चांगली." बस, एवढंच? एवढ्याशा दोन शब्दासाठी माहा जीव काढला तुमी. द्या, कुठं करू सही? हं-सा-बा-ई.

झालं. मले बरं वाटून राह्यलं, खरंच. आता देवीसमोर डोळे वर करून पाहता येईन. ओमचंबी चांगलंच होईन, पाहा तुमी, जानेवारीत पुन्हा भरती हाये, पुन्हा पळून राह्यला तो, पहिल्यासारखा पळते आता. या टायमाले तो—

साहेब, त्याचा कागद आला, तर चौकशीले तुमीच यासान ना? हा तांडा तुमच्याकडेच हाये ना?

नाही, काही नाही. चहा? दूध संपलं वाटते. मोटारीचा टाइम झाला, बबिता येतच असन. तिच्यासाठी नका थांबू. जा तुमी.