धर्माकाकांचं इंजीन बंद करताना

काकी, गावकरी मंडळी, दिघीहून फेरीबोटीने आलेले पाहुणे, आधी माफी मागते. मागे विहिरीवर इंजीन चालू आहे, म्हणून ओरडून बोलतेय. शोकसभेत असं बोलू नये. पण काय करू?

हे इंजीन धर्माकाकांचं. ज्या होडीवर त्यांनी उभा जन्म काढला ती भंगारात निघाली, तेव्हा काकांनी तिचं इंजीन मागून आणलं आणि विहिरीच्या पंपाला जोडलं. लोक हसले. मीही हसले. मग वादळात लाईट गेली, विजेची मोटर जळाली. तेव्हापासून आपल्या प्रत्येकाच्या हंड्यात याच इंजिनाचं पाणी आहे.

मी पंचायतीची पाणी सोडणारी बाई. नवीन होते तेव्हा पंपघर झाडलं आणि काकांची पेटी उकिरड्यावर टाकून आले. सायकलच्या ट्यूबा, तुटक्या चपला! काका रागावले नाहीत. एकेक वस्तू वेचून परत आणली. म्हणाले, "पोरी, फेकायची घाई करू नको. त्याला दुसरं काय काम जमतंय ते बघ." आज पाइपाच्या सांध्यात माझ्याच चपलेचा तळवा बसलाय. गळत नाही.

सगळं शिकवलं त्यांनी. फक्त हँडल फिरवून इंजीन सुरू करायचं राहिलं. ते रोज म्हणायचे, "आज तू मार." मी रोज म्हणायचे, "उद्या, काका." मला भीती वाटायची.

काका जाऊन आज तिसरा दिवस. दोन दिवस टाकीतल्या पाण्यावर निघाले. आज सकाळी मी एकटीने हँडल मारलं. एकदा उलटा झटका बसला, हे बघा, मनगट सुजलंय. आठव्यांदा सुरू झालं.

टाकी भरून वाहतेय, मला माहीत आहे. मघाशी दोघांनी येऊन सांगितलं. काकांनी एक थेंब वाया जाऊ दिला नसता. पण बंद करायला हात धजत नाही हो! परत सुरू नाही झालं तर? उद्या तुम्ही हंडे घेऊन उभे राहाल, तेव्हा मी काय सांगू?

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचंय. या धडधडीत कसली शांतता? मघाशी काकी माझ्या कानात म्हणाल्या, "अगं, ते रोज बंद करायचे आन् रोज चालू व्हायचं. जा, बंद कर."

जाते. आवाज थांबला की सगळे उभे राहा. मी तिथेच, विहिरीवर उभी राहीन.

आणि दोन मिनिटं झाली तरी कुणी घरी जाऊ नका. मी परत हँडल मारणार आहे.