चव बघून सांगा

खारट? — नाही हो ताई, खारट कसं असेल, कॉफीचं आइस्क्रीम आहे ते, सकाळी मी स्वतः केलंय — थांबा थांबा, गिळू नका, हा कागद घ्या — हं. आता सांगा, खारट म्हणजे कसं खारट? किंचित? कारण किंचित असेल ना, तर तो आमचा नवा प्रकार आहे, हल्ली घालतात मीठ, मोठमोठ्या दुकानांतून घालतात, मुद्दाम, गोडाला उठाव येतो त्याने — असं बघू नका. किती म्हणता? औषधाच्या गुळण्यांसारखं? — बरं. मग मुद्दाम नाही घातलं.

बसा, पाणी घ्या आधी. ती नको, ती खुर्ची डुगडुगते, पंख्याखालची घ्या. झालं काय असणार, सांगतो. आमचं भांडं जुन्या पद्धतीचं, त्याच्याभोवती बर्फ भरायचा आणि बर्फात मीठ — थंडावा वाढतो त्याने. नेहमी खडेमीठ असतं, परवा मिळालं नाही म्हणून बारीक आणलं, ते ठेवलं साखरेच्या डब्याशेजारी, आणि डबे दोन्ही सारखे. आता तुम्ही विचारणार, मग चव नाही का बघितलीत? विचारा ना, डोळ्यांत दिसतोय प्रश्न! बघितली की. चमचाभर घेतलं, डोळे मिटले, मान डोलावली, स्वतःशीच म्हणालो, वा, आज हात जमलाय. म्हणजे बघा, नाटक करायची सवय किती, बघणारं कुणी नव्हतं तरी मान डोलावली!

आता एवढं ऐकलंत तर — कुणाला बोलू नका हं. मला चव कळत नाही. हसा, हसा, मीही हसतो. आंधळ्याने चित्रांचं दुकान काढावं तसं आहे ते. आधी कळायची हो! दूध तोंडात घेतलं की सांगायचो, सकाळचं की कालचं. कॉफीत कुणी तिसरा चमचा साखर मागितली की मागच्या खोलीत जाऊन म्हणायचो, गाढवाला गुळाची चव काय! आणि मग आठ महिन्यांपूर्वी एक साधा ताप आला, तीन दिवसांचा, ताप उतरला आणि जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. येईल म्हणजे काय, पाहुणा आहे का तो? आता गूळ दिलात काय न् खडू दिलात काय, गाढव तुमच्यासमोर उभं आहे.

मग दुकान कसं चालतं? कॉफी रंगावर आणि घड्याळावर. बिया भाजताना तडतडतात तो आवाज कळतो, कान शाबूत आहेत. आणि आइस्क्रीम — तुमच्यासारख्यांच्या तोंडांवर. हो ना! हे जे छोटे चमचे पुढे करतो मी, ‘घ्या, चव बघून सांगा’, गल्लीभर माझं नाव झालंय, काय सढळ हाताचा माणूस! सढळ कसला, मी तुमची तोंडं वाचतो. एक डोळा बारीक झाला, आंबट. भुवई वर गेली, कडू. समोरचे शिंपी खाताना बोलायचे थांबले की समजायचं, जमलं. तुमचं तोंड आज एवढं स्पष्ट होतं, लहान मुलालाही वाचता आलं असतं.

बायकोला? छे, तिला कसं सांगणार! तीस वर्षं मी तिच्या भाजीला नाव ठेवल्याशिवाय घास गिळला नाही. मीठ कमी, तिखट जास्त, फोडणी करपली. मी म्हणजे कोण, जिभेचा राजा! आता कुठल्या तोंडाने सांगू, की बाई गं, राज्य गेलं? तेव्हा मी सोपी युक्ती काढली, सगळ्याला छान म्हणायचं. ताट पुढे आलं की छान. पहिल्या दिवशी तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, म्हणाली, परत ताप आहे का? मग आणखी एक पोळी वाढली. फसली बिचारी.

आणि एक सांगतो छातीठोकपणे — आठ महिन्यांत एक तक्रार नाही. एकसुद्धा. आज पहिली, तुमची. आणि आजच का व्हावी, आज तर मी निवांत होतो, कुणाची लुडबुड नव्हती. लुडबुड म्हणजे आमच्या मंडळींची हो, अजून कुणाची? वर राहतो आम्ही, हा मागे जिना आहे तो. रोज सकाळी उतरायची, आणि मी भांडं उघडलं की हिचा चमचा आत! काय बघतेस? फेस बघते. काय घातलंस? काही नाही, तुम्ही व्हा पुढे. आता जन्मभर हे काम केलं मी, मला शिकवणार ही? काल डोकं फिरलं माझं, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, माझ्या कामात नाक खुपसू नकोस म्हणून. नाक, बरं का! स्वतःचं बंद पडलेलं, आणि बोलतोय दुसऱ्याच्या नाकाबद्दल. तिने चमचा धुतला, जागेवर ठेवला, पदराला हात पुसले आणि वर गेली. आज उतरलीच नाही. रुसू दे म्हटलं, एक दिवस तरी शांततेत —

काय म्हणालात?

नाही, आधी कुठे यायची, आधी या खोलीत पाऊल टाकत नसे ती. बर्फाने हाडं धरतात म्हणायची. तीस वर्षांत दहा वेळा आली असेल. हे आत्ता सुरू झालं, आत्ता म्हणजे — पावसाळ्याआधी, म्हणजे किती झाले —

आठ महिने.

अहो ताई. आठ महिने ती रोज बर्फात उभी राहते. आणि मी मान डोलावतो आणि म्हणतो, आज हात जमलाय. आणि ती म्हणते, हो, तुमचा हात म्हणजे काय. असं म्हणते ती, ताई! मला वाटायचं कौतुक करते. आणि काल मी चार लोकांत तिला —

तुम्ही थांबा जरा. नाही, नका थांबू. — अगं! अगं, ऐकतेस का? — नाही, काही सांडलं नाही. काही नाही, नुसती खाली ये. — म्हणजे आहे, आहे काहीतरी. मला चव कळत नाही गं. कशाचीच. — हो. — हो, तुला माहीत आहे ते कळलं मला, आत्ताच कळलं, म्हणून तर हाक मारतोय.

तुम्ही निघा ताई, दुकान बंद आहे. जाताना दार ओढून घ्या. तिला जिना उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात मला तोंड धुवायचंय.