आत न घेणारा कॉम्प्युटर

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढच्या काकांनी कडेवरचा कॉम्प्युटर टेबलावर उतरवला. काकू शेजारीच होत्या.

“पासवर्ड बरोबर दिला तरी स्क्रीन काळी होते आणि मेला पुन्हा पासवर्डच विचारतो,” काका म्हणाले.

“अगदी तुमच्या आत्याबाई! दार उघडतात, तोंड बघतात, परत लावून घेतात.”

दुकानदाराने खटपट करून पाहिलं. “डिस्क ठासून भरलीय, काका. म्हणून आत घेत नाही. एवढं भरलंय काय?”

“हिचं पुस्तक आहे ना आत, चार वर्षं लिहितेय. चोरीबिरी झाली तर? म्हणून रोज सगळ्याची एक कॉपी काढून ठेवतो.”

“कुठे ठेवता?”

“ह्यातच.”

“अहो काका! आणि चोराने हा डबाच उचलून नेला तर?”

“नेऊ दे की. त्याला तरी कुठे आत जाता येणार आहे!”