भिंतीवरचा तुंबा

तिरो : आई गं! काय लागलं हे डोक्याला?

केफिल्वे : सुगरणीचं घरटं आहे, दादा. वाकून ये. पुढं अजून तीन टांगलीत.

तिरो : जेवणघरात घरटी? मग पाखरं कुठं जेवतात?

मोलेफी : पाखरं शहाणी, मेहुणे. ती केव्हाच गेली सोडून. मी लग्नाचा, मला जाता येत नाही.

केफिल्वे : महिनाभर ह्यांचं हेच चाललंय. दादा, ह्याला निसर्गाची सजावट म्हणतात. ती वरची मोपानेची फांदी बघ, तिच्यात दिवे सोडलेत.

मोलेफी : आणि मुंग्या. दिवे गेले तरी मुंग्या असतात. रोज माझ्या बोगोबेच्या लापशीत पडतात.

तिरो : हे बघा, मी गुरांच्या तळावरून तीन तास धूळ खात आलोय. फोनवर नुसतं "ताबडतोब निघा" म्हणालात. कोण गेलं?

मोलेफी : तुंबा गेला.

तिरो : कोण?

मोलेफी : त्या भिंतीकडं बघा. दुध्याचे वाळके तुंबे, ओळीनं अकरा. मधला खिळा रिकामा. तिथला बारावा काल तुमच्या बहिणीनं देऊन टाकला.

तिरो : एका तुंब्यासाठी मला बोलावलं? माझी तांबडी गाय दहा दिवस हरवलीय!

मोलेफी : कुणाला दिला ते विचारा तिला.

केफिल्वे : मी सांगते. हे चावडीवर गेले होते. मी एकटी. दारात चार बायका न् दोन म्हातारे. मोशुपाहून आलो म्हणाले. मला वाटलं, बाई गं, माझ्या भिंतीची कीर्ती मोशुपापर्यंत गेली!

तिरो : बायकांच्या खांद्यावर शाली होत्या?

केफिल्वे : होत्या.

तिरो : या उन्हात? पिना लावून?

केफिल्वे : मला वाटलं प्रार्थनेहून आल्या असतील.

तिरो : पुरुषांनी टोप्या काढल्या? बायका जमिनीवर बसल्या?

केफिल्वे : टोप्या घरट्यात अडकू नयेत म्हणून काढल्या वाटलं. आणि मी म्हटलं, अहो खुर्च्यांवर बसा, बोरूच्या काड्यांनी मी स्वतः विणल्यात. ऐकेचनात.

तिरो : मग म्हणाले काय? शब्द न् शब्द सांग.

केफिल्वे : म्हणाले, "या घरात चांगला तुंबा आहे असं ऐकलं. आम्ही पाण्याचा तुंबा मागायला आलोय."

तिरो : अगं केफिल्वे!

केफिल्वे : मला कळलं नाही!

तिरो : शेंबडं पोर सांगेल! मुलगी मागायला आलेला माणूस आपल्यात मुलगी म्हणतो का कधी? पाण्याचा तुंबाच म्हणतो. तुला मागायला आले तेव्हा हेच शब्द होते, मी दाराशी उभा होतो.

केफिल्वे : तेव्हा आपल्या भिंतीवर तुंबे नव्हते! इथं महिनाभरात नऊ जणी खरेखुरे तुंबे मागून गेल्या. परवा मुख्याध्यापिकाबाई दोन घेऊन गेल्या, त्यांच्या जागी मी नवे टांगले. ही दहावी वाटली.

तिरो : आणि तू काय उत्तर दिलंस?

मोलेफी : हं, ऐका आता. मी रात्रीपासून ऐकतोय, तरी पोट भरत नाही.

केफिल्वे : मी म्हटलं... "डझनभर आहेत, हवा तो निवडा."

तिरो : अरे देवा.

केफिल्वे : त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "एकच पुरे. आमच्या मुलानं एकच बघून ठेवलाय." मला वाटलं, मी भिंतीचे फोटो पाठवते सगळ्यांना, त्यात बघितला असेल.

मोलेफी : पुढं.

केफिल्वे : म्हणाली, "आम्ही काय द्यायचं?" मी म्हटलं, "छे, काही नको. उलट घरातली अडगळ कमी होईल. आमचे हे तर रोज ओरडतात, कधी एकदा काढतेस म्हणून."

मोलेफी : माझ्या पोटच्या पोरीबद्दल! माझ्या तोंडी!

केफिल्वे : तुंब्याबद्दल! आणि वर सांगितलं, जरा तडा गेलाय, पण सांभाळून वापरलात तर टिकेल.

तिरो : मग?

केफिल्वे : मग बायका आनंदानं किलकारल्या. मला वाटलं, भिंत आवडली. रात्री मोशुपाहून ह्यांना फोन आला, तेव्हा कळलं.

तिरो : पण आधी निरोप पाठवायला नको त्यांनी? असं अवचित येतात?

मोलेफी : पाठवला होता म्हणे. रीतीप्रमाणं. मुलीच्या मामाकडं.

तिरो : ...गाय हरवली त्या दिवशी एक फोन आला होता खरा.

केफिल्वे : दादा!

तिरो : "शनिवारी येतो" म्हणाला कुणीतरी. मला वाटलं, गाय शोधायला येतोय.

मोलेफी : वा! भाऊ तसा, बहीण अशी. मध्ये माझी दिम्पो गेली. मी आत्ता मोशुपाला जातो आणि तुंबा परत आणतो.

तिरो : दिलेला तुंबा परत मागणार? लग्नच मोडेल. पोरगी काय म्हणेल? मोशुपाचा तो मास्तर आवडतो तिला.

मोलेफी : मलाही आवडतो. मी हो म्हणणारच होतो.

तिरो : मग अडलं कुठं?

मोलेफी : मला आधी नाही म्हणायचं होतं! तुमच्या वडिलांनी माझ्या काकांना तीनदा परत पाठवलं. दिम्पो जन्मली तेव्हापासून मी वाक्य पाठ करतोय. "पाहुणे, या घरात तुंबा नाही, पुढचं घर बघा." गुरांपुढं म्हणून बघितलंय. दोनदा नाही म्हटलं असतं, तर अजून दोन महिने तरी घरात राहिली असती पोरगी.

(स्वयंपाकघरातून दिम्पोचं गुणगुणणं ऐकू येतं.)

केफिल्वे : चुकलंच माझं. हे बोलला नाहीत कधी.

तिरो : केफिल्वे, तुंबा दिलास तो भरलेला की रिकामा?

केफिल्वे : रिकामा. आत वाळू होती, तीसुद्धा ओतून घेतली.

तिरो : मग झालं! त्यांनी काय मागितलं? पाण्याचा तुंबा. मिळाला काय? शोभेचा. पाणी अजून आपल्या घरात आहे.

मोलेफी : हे चालेल?

तिरो : मी मामा आहे. मामा म्हणतो ते चालतं. आत्ता मोशुपाला जातो, निरोप विसरलो म्हणून हात जोडतो, आणि सांगतो, तुंबा राहू द्या, पण पाणी मागायला रीतसर या.

मोलेफी : आले की मी नाही म्हणायचं?

तिरो : एकदा.

मोलेफी : दोनदा.

तिरो : बरं, दोनदा. तिसऱ्यांदा मी बोलेन, तुम्ही टोपी धरून गप्प बसायचं.

केफिल्वे : आणि मी?

मोलेफी : तू त्या दिवशी स्वयंपाकघराच्या बाहेर यायचं नाहीस.

केफिल्वे : बरं बाई. तोवर त्या रिकाम्या खिळ्यावर बाभळीच्या शेंगांची माळ लावते.

मोलेफी : नको. तो खिळा तसाच राहू दे.

तिरो : बोलून घसा सुकला माझा. दिम्पोला हाक मारा, म्हणावं, मामाला पाणी आण.

मोलेफी : बसा, मेहुणे. मी आणतो. आता सवय करायला हवी.