पट्टी बांधण्याआधी

वाचनालयाच्या रांगेत शिंपीणबाई उभ्या होत्या. पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं.

"परवा तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. पट्टी सुटेपर्यंत वाचून मीच दाखवणार ना? मग ही रहस्यकथाच घ्यायची."

"तू शेवट आधी बघतेस. खुनी आला की तुझा आवाज बदलतो."

"बरं, नाही बघत. पण हे पक्ष्यांचं कशाला? नुसती चित्रं. वाचून काय दाखवू?"

"ते आज-उद्या मीच बघून घेतो."

"अहो, नीट दिसेल म्हणालेत ना डॉक्टर?"

"म्हणालेत गं. तरी असू दे."

आजींनी हातातली रहस्यकथा बाजूला ठेवली.

"काय झालं?"

"काही नाही. रहस्यकथा नंतर नेऊ. तुम्ही रांग धरा, तिकडे फुलांचंही एक होतं, तेवढं आणते."