रस्ता कुणाला विचारायचा

भिवंडीला अंजूरची शेअर रिक्षा भरायची वाट बघत आम्ही तिघं आत बसलो होतो. माझ्या शेजारी कोरी सॅक मांडीवर घेतलेली मुलगी, तिच्या पलीकडे तिचे मामा.

"रीमा, त्या व्हिएतनामात एकटीच फिरणार?"

"हो मामा, महिनाभर. नकाशा मोबाईलमध्ये घेतलाय."

"मोबाईल बंद पडला मंग? हाटेलचा पत्ता तिकडच्या अक्षरात कागदावर लिहून घे. रिक्षावाल्याला दाखवायचा."

"हे बरंय."

"पासपोर्टाची झेरॉक्स येगळ्या पिशवीत ठेव. आन रस्ता एकालाच इचारू नको, दोघांना इचार."

"खुणापण लक्षात ठेवीन. एखादं मोठं झाड, वगैरे."

"झाड नको. झाडाचा भरवसा न्हाय."

"का?"

"म्हैन्यामागं आपल्या खालच्या शेतावर चाललेलो. आंब्याकडनं वळायचं, तर आंबाच न्हाय. सगळीकडं गोडाऊन, सगळी सारखीच. तासभर फिरलो."

"अंजूरमध्ये? मग पोचलात कसे?"

"गोडाऊनच्या वॉचमनला इचारलं. बिहारचा हाय, आठ दिस झालेले त्याला येऊन. शेतापर्यंत सोडायला आला."

"चांगला भेटला."

"चांगलाच हाय. वाटेत मला बोलला, 'चाचा, यहाँ नये आए हो क्या?'"