बाटलीतलं कालव

राजूबाई : मग दवाखान्याच्या कागदावर 'हृदय' कामून लिवलंय? कलबुर्गीचा डॉक्टर तर किडनी गेली म्हनायलता.

शिवकन्या : दोन्ही खरं आहे, माय. अप्पांची आधी किडनी गेली, मग हृदय थांबलं.

राजूबाई : दोन्ही कसं खरं? मानूस एकदाच मरतो.

शिवकन्या : थांब. ही बाटली बघ. उद्या श्रीशैल सर मंठाळच्या शाळेसाठी न्यायला येणार आहेत.

राजूबाई : त्यात काय बघू? तीस वर्सं पुसायलेय मी तिला. सडका शिंपला हाय.

शिवकन्या : कालव आहे, समुद्रातलं. अप्पा यावरच शिकवायचे. हे वाटाण्याएवढं दिसतंय ना, ते हृदय. भोवती पिशवी. रक्तातलं पाणी हृदयाच्या भिंतीतून झिरपतं, पिशवीत येतं. तिथून किडनीत, आणि मग बाहेर.

राजूबाई : म्हंजे ह्याची लघवी काळजातून निघती?

शिवकन्या : हृदयातून. काळीज म्हणजे यकृत. अप्पा दरवर्षी पोरांवर ओरडायचे यावरून.

राजूबाई : खाटकाकडं मिळतं ते? मग माझं तुटायलंय ते काय हाय गं? बरं, सांग फुडं.

शिवकन्या : एवढंच, की या दोघांची वाट एकच. माणसातही एक बिघडलं की दुसऱ्यावर ताण येतो.

राजूबाई : म्हंजे किडनी पानी भाईर टाकीना झाली, तर त्याचा भार हृदयावर?

शिवकन्या : ...हो.

राजूबाई : दिसाला दोनच गिलास द्या म्हनला हुता डॉक्टर. ह्या तुझ्या कालवाला किती माप?

शिवकन्या : माप नाही. त्याचं रक्त समुद्राइतकंच खारट. पाण्याचा भार होत नाही त्याला.

राजूबाई : मीठ बी बंद न्हाई? नशीबवान हाय मुडदा.

शिवकन्या : माय, तुला काय विचारायचंय?

राजूबाई : त्या दिशी दुपारी एक गिलास जास्ती दिलं मी. लेकरावानी रडायलते पान्यासाठी. सांजच्याला गेले. तू शिकलेली हाईस. माझ्या पान्यानं गेले का?

शिवकन्या : मला माहीत नाही.

राजूबाई : कालवाचं समदं ठाव हाय अन् बापाचं न्हाई?

शिवकन्या : कालवाचं पुस्तकात आहे, माय. त्या दिवशी सकाळी तू मारुतीला गेली होतीस.

राजूबाई : व्हय.

शिवकन्या : तवा मी बी दिलं.

राजूबाई : किती?

शिवकन्या : तांब्याभर. म्हणाले, मायला सांगू नको.

राजूबाई : मला म्हनले, पोरीला सांगू नको.

(राजूबाई पदरानं बाटली पुसते.)

राजूबाई : मग तहान तर भागली असंल गं.